उसनं मांजर

पडदा घरात आला आणि माणसं कडेला झाली.

शाळेच्या सभागृहाचा पडदा तो. लालभडक मखमल, आणि एवढी की पुढच्या खोलीत उलगडायला घेतली तर तिचं टोक स्वयंपाकघरात ओट्याखाली जाऊन बसायचं. शिवणकाकूंनी आजवर झबली शिवली होती, गणवेश शिवले होते, उशांचे अभ्रे तर डोळे मिटून. एवढं मोठं काम मात्र पहिल्यांदाच चालून आलं होतं. हे नीट पार पडलं तर शाळेच्या सगळ्या खिडक्यांचे पडदेही त्यांच्याकडेच येणार होते, आणि बिघडलं तर पुन्हा झबली होतीच.

मखमल हे मोठं मानी कापड. एका बाजूने हात फिरवला तर गडद दिसतं, उलटा फिरवला तर फिकं. एक पट्टा जरी उलटा जोडला गेला तरी ठिगळ लावल्यासारखं दिसतं. टाचण्या लावायची सोय नाही, कारण टाचणीचं भोक मखमल विसरत नाही. म्हणून काकू कापड जमिनीवर अंथरायच्या आणि ते हलू नये म्हणून हाताला लागेल ती जड वस्तू त्यावर ठेवायच्या. ही त्यांची जुनीच सवय. आता कापड मोठं, म्हणून वस्तूही जास्त. इस्त्री गेली, शब्दकोश गेला, साखरेची बरणी गेली.

"अगं, खलबत्ता कुठाय?" सासूबाई विचारायच्या.

"तिसऱ्या पट्ट्यावर."

"आणि माझा चष्मा?"

"चष्मा जड नसतो, आई. तो तुमच्या डोक्यावर असेल."

तो तिथेच असायचा.

अशा या भरल्या घरात उंदीर आला. पहिल्यांदा तो दिसला काकूंच्या यजमानांना. ते बसमध्ये तिकीट तपासनीस होते. उभी हयात त्यांनी लोकांच्या चेहऱ्यावरून चोर ओळखण्यात घालवली होती. सकाळचा चहा पिता पिता ते शांतपणे म्हणाले, "घरात कोणीतरी विनातिकीट आहे."

"म्हणजे?"

"आत्ता पडद्याखालून कपाटाकडे गेला. मला बघितलं आणि खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. तसे सगळेच करतात."

काकूंनी कप खाली ठेवला. उंदीर म्हणजे दात, दात म्हणजे भोकं, आणि भोकं पडलेला पडदा म्हणजे सभागृहभर माणसांसमोर आपली अब्रू टांगलेली. त्यांनी तिथल्या तिथे सगळी मखमल तपासली. भोक नव्हतं. पण आज नाही म्हणून उद्या नाही, असं थोडंच आहे.

यजमानांनी पिंजरा आणला. आत लोणी लावलेला पाव अडकवला. उंदीर आला, पाव खाल्ला आणि ज्या दाराने आत गेला त्याच दाराने बाहेर पडला. यजमानांनी पिंजऱ्याची स्प्रिंग घट्ट केली आणि ती चालते का हे पाहायला बोट घातलं. ती उत्तम चालत होती. पुढे बरेच दिवस ते बँडेज बांधलेल्या बोटाने तिकिटं तपासत होते आणि प्रवाशांना सांगत होते की कामावर असताना लागलं.

"औषध घालू या," काकू म्हणाल्या.

"घाल. तो औषध खाईल आणि पडद्याच्या घडीत जाऊन मरेल," सासूबाई म्हणाल्या. "मग पडदा वर गेला की पहिल्या रांगेतले पाहुणे नाकाला रुमाल लावून नाटक बघतील."

औषध राहिलं. उरलं मांजर. आणि इथे काकूंचं तोंड कडू झालं, कारण त्या अख्ख्या इमारतीत मांजर एकच होतं, आणि ते नर्सबाईंचं होतं.

नर्सबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या, एकट्या, शिस्तीच्या. त्यांच्या करड्या मांजरीचं नाव मेट्रन. एके काळी या दोन घरांत एवढं येणंजाणं होतं की कोणाची गाळणी कोणाच्या घरात आहे हे सांगता यायचं नाही. त्या दिवसांत उसनं आणण्याची कोणाला लाज नव्हती. शिडी एकाची, करवत दुसऱ्याची, आणि दोन्ही सगळ्यांच्या. सासूबाई तर रोज दुपारी पत्ते खेळायला खालीच असायच्या.

मग कुकरचं प्रकरण झालं. काकूंचा कुकर तेव्हा चालत नव्हता, म्हणून त्यांनी नर्सबाईंचा आणला, वापरला, घासूनपुसून परत दिला. संध्याकाळी नर्सबाई जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "कुकर आला. शिट्टी राहिली."

"शिट्टी आतच घातली होती."

"आत नाही."

"मी माझ्या हाताने घातली."

"मग ती तुमच्याच हातात असेल."

शब्दाने शब्द वाढला. दारं उघडली, माणसं बाहेर आली. भर जिन्यात काकूंनी शपथ घेतली की ती शिट्टी माझ्या घरात निघाली तर मी या इमारतीत तोंड दाखवणार नाही, आणि पुन्हा या बाईंकडे सुईसुद्धा मागणार नाही. त्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं सासूबाई एकट्याच पत्ते मांडत होत्या आणि एकट्याच हरत होत्या.

"सुई मागायची नाही म्हणाली होतीस," सासूबाई आता म्हणाल्या. "मांजराचं कुठे काय बोललीस?"

"आई, मी जाणार नाही."

तेवढ्यात पडद्याची कड हलली. खोलीत वारा नव्हता.

काकू उठल्या. "तुम्ही बोला. मी फक्त मांजर उचलायला येते."

नर्सबाईंनी दार उघडलं. काकूंवरून त्यांची नजर भिंतीवरून जाते तशी गेली आणि सासूबाईंवर थांबली. सासूबाईंनी हकिकत सांगितली.

"मावशी, मेट्रन म्हणजे काही शिडी नव्हे उसनी द्यायला," नर्सबाई म्हणाल्या. "शिवाय वर गेलेली वस्तू पूर्ण परत येते, असा माझा अनुभव नाही."

"शेपटीसकट आणून देऊ," सासूबाई म्हणाल्या.

नर्सबाईंनी थोडा विचार केला. मग त्यांनी मेट्रनला टेबलावर ठेवलं आणि पाळी बदलताना पेशंट ताब्यात द्यावा तसं सुरू केलं. "नाक ओलं आहे. नखं पूर्ण. मिशा दोन्ही बाजूंना आहेत, बघून घ्या. दूध कोमट लागतं. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवायचा नाही. त्यांना सांगा."

"ऐकतेय मी," काकू दाराच्या कडीकडे बघत म्हणाल्या.

"मावशी, त्यांना सांगा, मी त्यांच्याशी बोलत नाहीये."

"ती म्हणते, ती तुझ्याशी बोलत नाहीये," सासूबाईंनी निष्ठेने निरोप पोहोचवला.

"त्यांना म्हणावं, कळलं."

"तिला कळलं म्हणते."

मेट्रन वर आली. तिने सगळं घर हिंडून पाहिलं, मोरीपाशी नाक मुरडलं, यजमानांच्या बोटाचा वास घेतला, आणि मग मखमलीच्या बरोबर मध्यभागी तीन गिरक्या घेऊन झोपली. उठली तेव्हा तिथे हुबेहूब तिच्या आकाराचा फिका डाग होता आणि त्यावर करडे केस. काकू ओल्या हाताने केस टिपायच्या, मखमल सुलट करायच्या, आणि वळून बघेपर्यंत मेट्रन दुसऱ्या पट्ट्यावर.

"हिला उंदीर पकडायला आणलंय ना?" यजमानांनी विचारलं.

"आपल्याला असं वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "तिला वाटतं हवापालटाला आणलंय."

दूध मात्र रोज संपत होतं. मेट्रन दुधाला तोंड लावत नाही हे काकूंच्या लक्षात आलं, तेव्हा त्या दाराआड उभ्या राहिल्या. मेट्रन खिडकीत बसून अंग चाटत होती आणि बशीच्या काठावर दोन पाय ठेवून उंदीर कोमट दूध पीत होता. मेट्रनने एकदा त्याच्याकडे पाहिलं. वॉर्डात फेरी मारताना पेशंट जेवतोय की नाही बघावं, तसं. मग ती पुन्हा चाटू लागली.

खालून नर्सबाईंचा आवाज आला, "मावशी, मेट्रन दूध घेते ना?"

"दूध संपतं हो," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. त्या खोटं कधीच बोलत नसत.

पडदा द्यायच्या आदल्या दुपारी काकू शेवटची किनार दुमडत होत्या. मेट्रन मखमलीवरून उठली, शिवणयंत्राकडे गेली आणि यंत्राखालच्या चिंध्यांच्या बोचक्यासमोर ठाण मांडून बसली. ते बोचकं तिथे वर्षानुवर्षं होतं. एखादी चिंधी कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही, म्हणून काकूंनी ते कधी रिकामं केलं नव्हतं. आता ते हळूच श्वास घेतल्यासारखं हलत होतं.

"अहो," काकू म्हणाल्या. "बादली."

यजमानांनी खोल बादली आणली. काकूंनी बोचक्याचं तोंड आवळलं, ते बादलीवर नेलं आणि उलटं केलं. आधी चिंध्या पडल्या. मग लाल मखमलीच्या कातरणांचं एक सुबक घरटं. त्यातून तो विनातिकीट निघाला. तो नव्हे, ती उंदीरमामी, आणि तिची शेंगदाण्याएवढी चार पिल्लं. पडद्याला दात का लागला नाही ते आता कळलं. एवढी कातरणं आयती घरपोच मिळत असताना अखंड कापड कुरतडायला ती काय वेडी होती?

आणि सगळ्यांत शेवटी बादलीच्या कडेवर काहीतरी जड आदळलं. टण्ण.

तिघांनी बादलीत पाहिलं. चिंध्यांवर कुकरची शिट्टी पडली होती.

काकू खाली बसल्या. तिसऱ्या पट्ट्यावरचा खलबत्ता त्यांच्या डोळ्यांसमोर होता. कापड दाबायला हाताला लागेल ती जड वस्तू. त्या दिवशीही असंच झालं असणार. कागदाचा नमुना उडत होता, शिट्टी जवळ होती. मग कातरणं गोळा केली, आणि तिच्यासकट बोचक्यात.

"कोणी बघितलेलं नाही," यजमान हळूच म्हणाले. "मी या मंडळींना शेवटच्या थांब्यापाशी झाडीत सोडायला नेतोच आहे. ही पण सोडतो."

"सोड," सासूबाई म्हणाल्या. "दोन वर्षं एकटी खेळले, पुढेही खेळेन. सवय झालीय हरायची."

काकूंनी शिट्टी उचलली, पदराने पुसली. "देणार आहे मी. पण तोंडाने कसं सांगू? भर जिन्यात शपथ घेतली होती."

त्यांनी मखमलीची एक उरलेली पट्टी घेतली, शिट्टीच्या भोकातून ओवली आणि मेट्रनला मांडीवर घेतलं.

"मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, म्हणून उंदरांची सभा अडली होती म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "शेवटी शिवायला येणारीच लागते."

मेट्रन दाराबाहेर पडली. प्रत्येक पायरीवर शिट्टी वाजत गेली. खालचं दार उघडलं, बंद झालं. काकू सुई हातात धरून नुसत्या बसल्या. सुईत दोरा नव्हता. यजमान उंदीरमामीला कुटुंबासह पिशवीत घालून निघून गेले. उभ्या नोकरीत विनातिकीट प्रवाशांना त्यांनी स्वतः बसमध्ये बसवलं ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

मग जिन्यात पावलं वाजली. सावकाश, दुखऱ्या गुडघ्याची. नर्सबाई दारात आल्या. एका काखेत मेट्रन, दुसऱ्या काखेत कुकर. त्यांनी कुकर जमिनीवर ठेवला, झाकण लावलं, मेट्रनच्या गळ्यातली पट्टी सोडवली आणि शिट्टी वर ठेवली. ती एका बाजूला कलली.

"बसत नाही," त्या म्हणाल्या. सासूबाईंना नाही, काकूंना.

"म्हणजे?"

"ही माझी नव्हे. तुमचा कुकर तेव्हा कशाने बंद होता?"

काकूंनी आठवून पाहिलं. त्यांचं तोंड थोडं उघडलं. "शिट्टी हरवली होती."

"हीच ती."

"आणि तुमची?"

नर्सबाईंनी खिशातून दुसरी शिट्टी काढली. ती कुकरवर टक्कन बसली. "माझ्या फडताळाच्या मागे पडली होती. झाकण उघडताना उडाली असणार. त्याच महिन्यात सापडली."

"त्याच महिन्यात?" सासूबाईंनी पत्ते पिसणं थांबवलं. "आणि दोन वर्षं आम्हाला कळवलं नाहीस?"

"भर जिन्यात बोलले होते, मावशी. मग कसं सांगायचं?" नर्सबाईंनी ती मखमलीची पट्टी हातावर गुंडाळली. "मांजर माझ्याच घरात होतं. पण सुचलं नाही."

काकूंना हसू यायला लागलं. ते दाबायला त्यांनी किनार पुढे ओढली, तर तिसऱ्या पट्ट्याचं टोक सरकलं. त्यावरचा खलबत्ता सासूबाई मघाशीच घेऊन गेल्या होत्या.

"तो कुकर इकडे ठेवता का जरा?" काकू म्हणाल्या. "या टोकावर. संध्याकाळपर्यंतच."

"ठेवते," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी मखमलीचं टोक हाताने नीट सुलट करून त्यावर कुकर ठेवला. "शिट्टी मात्र माझ्या खिशात राहील."