बाहेरचं माप

कोपऱ्यावर साळवेकाका कधीच काटकोनात वळत नाहीत. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या इमारतीच्या थोडं अलीकडे रस्ता डावीकडे वळतो. बाकीचे लोक भिंतीला खांदा घासून वळतात. काका पलीकडच्या गटाराच्या कडेपर्यंत जातात आणि तिथून संथ, गोल वळसा घेतात. रिक्षावाले ओरडतात, "काका, साइड पकडो ना." काका थांबून सांगतात, "दीडपट. याच्या आत वळलं की प्रवाहाला त्रास होतो."

काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाइपांचे बेंड, म्हणजे वळणाचे जोड, तपासायचे. पाइप जेवढ्या इंचाचा, त्याच्या दीडपट त्रिज्येचा वळसा. निवृत्तीनंतर हा नियम त्यांनी रस्त्यावर आणला. एका लग्नात ते जिलबी उजेडाकडे धरून तिचा वळसा पाहत होते. "रिजेक्ट," म्हणाले आणि खाल्ली.

हे माप मुळात आलं कुठून, हा त्यांचा दुसरा विषय. संध्याकाळी कट्ट्यावर बारवी धरणाकडचा वारा लागला की त्यांचे डोळे अर्धवट मिटतात. फार पूर्वी, सातासमुद्रापार, वाफेच्या इंजिनांच्या काळात प्रत्येक कारखान्याचं माप वेगळं होतं. एकाचा पाइप दुसऱ्याच्या बेंडला बसायचा नाही. जोडांतून वाफ निसटायची आणि गावंच्या गावं पांढऱ्या धुक्यात तरंगायची. धुकं काकांच्या पदरचं असावं; बाकी इतिहास खरा आहे. "मग सगळे एकत्र बसले," काका म्हणतात, "आणि ठरलं." 'ठरलं' म्हणताना त्यांचा आवाज विहारात वंदना म्हणताना लागतो तसा लागतो.

"अर्धा इंची पाइप कुठूनही मोजा, अर्धा इंच भरत नाही. का?"

कोणी विचारत नाही. काका सांगतात. जुन्या पाइपांची भिंत जाड होती, आतलं भोक अर्ध्या इंचाच्या आसपास. धातू सुधारला, भिंत पातळ झाली, भोक मोठं झालं. बाहेरचं माप मात्र तेच ठेवलं, कारण जोड बाहेरून बसतो. "आत काय व्हायचं ते होऊ दे. बाहेरचं माप बदललं की जुना जोड लागत नाही. संपलं."

यंदा सोसायटीच्या सभेत इमारतीचा पिवळा रंग बदलून राखाडी करायचा विषय आला. सेक्रेटरी लालवानी, त्यांचं उल्हासनगरला कापडाचं दुकान आहे.

"बाहेरचं बदलू नका," काका उठून म्हणाले.

"साळवेसाहेब, पिवळा आता चालत नाही. ग्रे में बिल्डिंग का लूक आता है."

काका वाफेपासून सुरू झाले. लोक हसले. लालवानी हात जोडून म्हणाले, "साहेब, पाइप नाही बदलत, रंग लावतोय." राखाडी मंजूर झाला. विरोधात एकच हात होता. मोजणी झाल्यावरही तो काही वेळ वरच राहिला.

परांची बांधून झाली त्या संध्याकाळी मी आणि लालवानी फाटकापाशी उभे होतो. उजेड विरघळत होता. कोपऱ्यावरून साळवेकाकू आल्या, हातात मेथीची जुडी. शेजारच्या इमारतीसमोर त्या थांबल्या. वर पाहिलं, पाटी पाहिली, पुन्हा वर पाहिलं. चेहरा अगदी कोरा होता. मग त्यांना आमची पिवळी भिंत दिसली. त्या पटपट चालत आल्या आणि तिच्यावर तळवा टेकवला.

"आलं घर," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आम्हाला ओळख दिली नाही. जिना चढून गेल्या.

मागे कोपऱ्यावर काका होते. गटाराच्या कडेने, तसाच मोठा वळसा घेत. तिथून वळणापलीकडचा सगळा रस्ता दिसतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

जवळ आल्यावर ते म्हणाले, "तिला वाटतं, ती एकटी जाऊन येते. वाटू द्या." मग भिंतीकडे पाहत म्हणाले, "मला पण कधी कधी रंगाच्या दुकानातला माणूस समजते."

सकाळी लालवानींनी रंगाऱ्याला बोलावलं.

आज आमची इमारत राखाडी आहे. फाटकापासून जिन्यापर्यंतची भिंत तेवढी पिवळी, ताज्या हाताची. भाडेकरू विचारतात, एवढीच का सोडली?

"ते बाहेरचं माप आहे," लालवानी सांगतात. "ठरलंय."