कादंबरीतले क्वाक

पाच आठवड्यांत पाच खंड! इन-सुकने दएगूच्या आत्याला फोनवर हे असं ठणकावून सांगितलं, जणू पाच वाट्या सूप प्यायचं होतं. तीस वर्षं सोलच्या छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई ती. एका कादंबरीला घाबरते की काय!

आई गेल्या डिसेंबरात गेली तेव्हा त्या कादंबरीच्या तिसऱ्या खंडात होती. शेवटच्या दिवसांत लेकीचं मनगट धरून म्हणाली होती, "धाकटा मंचुरियातून परत येतो की नाही, तेवढं वाचून ठेव. वर्षश्राद्धाला येईन तेव्हा सांग."

वर्षश्राद्धाला दार उघडं ठेवायचं, ताटं मांडायची. गेलेलं माणूस येऊन जेवून जातं. म्हणजे पाच आठवड्यांनी आई येणार हे नक्की. तिला सांगायचं काय, एवढाच प्रश्न होता.

इन-सुक रजा काढून सांगजूला आईच्या घरी आली आणि आईची बैठक जशीच्या तशी मांडली. चुलीची धग जमिनीखालून फिरते, म्हणून स्वयंपाकघराला लागून जमीन सगळ्यात गरम असते, तो कोपरा. फुलांची रजई. वाडगाभर छोटी संत्री. सालं जमिनीवरच टाकायची, म्हणजे तापून खोलीभर वास सुटतो. आई वाचताना पात्रांवर ओरडायची, "अरे मूर्खा, सही करू नकोस!" शेजारीण दारातूनच परत जायची, तिला वाटायचं, घरात भांडण चाललंय. आता खोली इतकी गप्प होती की साल सोलल्याचाही आवाज येत होता.

कादंबरीने पहिल्याच बैठकीत घाम फोडला. तीस पानांत अकरा जण जन्मले, चार मेले, आणि उरलेल्या प्रत्येक पुरुषाचं नाव तेक-काहीतरी! आडनाव सगळ्यांचं क्वाक. हे तर थेट घरचंच प्रकरण झालं. इन-सुकचे कधीच वारलेले वडील क्वाक तेक-जून, थोरले काका क्वाक तेक-गून. कोण कादंबरीतला आणि कोण श्राद्धाला जेवायला येणार, काही कळेना!

मग पुस्तकातून एक कागद पडला. कॅलेंडरच्या पानामागच्या कोऱ्या बाजूवर आईने पेन्सिलीने काढलेला तक्ता. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची बायको, सगळं रेघा मारून. वर शीर्षक नाही, साल नाही. एका कोपऱ्यात संत्र्याचा डाग. इन-सुकने कागद नाकाशी धरला. मग बोट फिरवत खाली आली आणि थबकली. मधल्या भावाच्या बायकोच्या जागी लिहिलं होतं, 'शिम बोक-ने'.

ते आईचं स्वतःचं नाव!

त्याखाली बारीक अक्षरात, 'घोड्यांच्या व्यापाऱ्याबरोबर पळून गेली.'

इन-सुकला हसू आलं. मग डोळे भरून आले. मग, जमीनच एवढी गरम, तिला झोप लागली.

जाग आली तेव्हा पुस्तक तोंडावर होतं आणि तक्ता गायब! त्याच्या जागी पर्सिमनची चार पिकलेली केशरी फळं. तिने रजई झटकली, कपाट उपसलं, भाताचं भांडंसुद्धा उघडून पाहिलं. एवढ्यात आत्याचा फोन आला.

"इन-सुक! तुझ्या आईचं आधी एक लग्न झालं होतं?"

"काय?"

"आणि तेही आपल्याच घराण्यात! तो घोडेवाला कोण गं? सांगजूत घोडे कधी होते?"

"आत्या, हे तुला कुणी सांगितलं?"

"थोरल्या दादाने! दुपारी आला होता तुझ्याकडे. तू घोरत होतीस म्हणून उठवलं नाही म्हणे."

इन-सुकने पर्सिमनकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

तीस वर्षांनी क्वाकांची वंशावळ नव्याने छापायला निघाली होती, आणि एक्क्याऐंशी वर्षांचे थोरले काका त्या समितीचे प्रमुख होते. घराण्याची एक शाखा मंचुरियात जाऊन हरवलेली. तिची माहिती आईच्या सासूला होती आणि ती शेवटपर्यंत आईजवळच राहिली होती, म्हणून काका दर सणाला आईला विचारायचे. आई म्हणायची, "शोधते हं, भाऊजी," आणि पुन्हा रजईत शिरायची. आता काकांना आईच्या अक्षरातला क्वाकांचा तक्ता सापडला होता, त्यात मंचुरियाही होतं. माणसाला आणखी काय हवं!

दुसऱ्या दिवशी सकाळी इन-सुक समितीच्या खोलीत धावत पोहोचली, तर तक्त्याभोवती चार म्हातारे आणि दोन भिंगं.

"हा तेक-इल!" एक आजोबा टेबलावर थाप मारत म्हणाले. "मी लहानपणी पाहिलंय त्याला. डाव्या गालावर तीळ होता!"

"आजोबा, तो कादंबरीतला आहे."

"तीळ होता म्हणतो ना मी!"

"ती कादंबरी आहे! आईने पात्रं लक्षात राहावीत म्हणून हा तक्ता काढला होता."

भिंगं खाली ठेवली गेली. तीळवाले आजोबा खिडकीबाहेर पाहू लागले.

काकांनी घसा खाकरला. "मग त्यात तुझ्या आईचं नाव कशाला?"

"माहीत नाही."

"मी खोडलं ते. घोडेवाल्याबरोबर पळालेली बाई आपल्या घरात नको, म्हणून."

इन-सुकने कागद ओढून घेतला. नावाच्या जागी राखाडी डाग उरला होता. आईच्या हातची ती अक्षरं!

"आपल्या वंशावळीत तरी आहे का तिचं नाव?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

काकांनी जाड ग्रंथ उघडला, पान काढलं आणि तिच्यापुढे सरकवला. तिथे लिहिलं होतं, 'बायको : चॉंगसॉंगच्या शिम घराण्यातली.' बस्स.

घरी येऊन इन-सुकने आईने वाचलेले तिन्ही खंड चाळले. मुद्रितं तपासणाऱ्या डोळ्यांना समासातली पेन्सिल लपत नाही. पहिल्याच खंडात, तीनशे सातव्या पानावर, ती बाई घोड्यावर बसून बर्फात निघते. तिथपर्यंत सगळे तिला 'मधल्याची बायको' म्हणतात. समासात आईने लिहिलं होतं, 'नावाशिवाय एवढ्या लांब जाणार कशी पोरी? माझं घेऊन जा. मला इथे लागत नाही.'

इन-सुकने काकांना फोन लावला आणि ते वाचून दाखवलं.

"बरं," काका म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, "ते पुस्तक मिळतं कुठे?"

त्यानंतर इन-सुक रोज गरम कोपऱ्यात बसली. पण तीनशे सातव्या पानापासून वाचन रखडलं. दहा पानं वाचायची, की परत मागे. पुढे गेलं तर आई तिथेच बर्फात राहील, असं तिला वाटायचं. श्राद्धाच्या संध्याकाळपर्यंत पाचातला दीड खंड झाला होता. आईचेच त्याहून जास्त झाले होते!

दार उघडं ठेवलं. ताटं मांडली. ताटांपुढे ठेवायचा, गेलेल्याच्या नावाचा कागद काकांनी स्वतःच्या हाताने लिहून आणला होता. त्यावर नेहमीसारखं 'चॉंगसॉंगची शिम' होतं, आणि पुढे ठळक शाईत 'बोक-ने'. आत्या काहीतरी म्हणणार होती. काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने तोंड मिटलं.

सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. आता आई जेवेपर्यंत ताटांकडे पाठ करून गप्प उभं राहायचं. इन-सुक मनातल्या मनात म्हणाली, तू एकच काम सांगितलं होतंस आई, आणि मी...

मागून कुजबुज ऐकू आली. तिने मान वळवून पाहिलं. काका गुडघ्यांवर बसून त्या कागदाशी वाकले होते. डोळे लाल, चष्मा कपाळावर. पाच आठवड्यांत पाचही खंड त्यांनीच संपवले होते!

"ऐक, बोक-ने," ते म्हणत होते. "चौथ्या खंडात धाकटा नदीपाशी येतो. आणि तिथे..."

इन-सुकने घाईघाईने दोन्ही कानांत बोटं घातली. तिचा अजून दुसराच खंड चालू होता.