टाकीत कोथिंबीर

विरूपाक्षनं काचेची नळी पुन्हा भरली आणि आम्ल मारणारा खार थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. मीटरचा काटा आता तरी सातावर, म्हणजे आम्ल संपल्याच्या खुणेवर, यायला हवा होता. तो चारच्या आसपास हटून बसला होता.

निलंग्याजवळच्या त्या नव्या डिस्टिलरीत तो केमिस्ट होता. मळीपासून दारू गाळली की मागे उरणारं काळं सांडपाणी एका मोठ्या बंद टाकीत जाई. टाकीतले जंतू ते खात, गॅस सोडत आणि त्या गॅसवर बॉयलर चाले. गंमत एवढीच, की जंतूंच्या या जेवणात मध्येच आम्लं तयार होतात. ती त्यांना पचली तर उत्तम. साचली तर टाकी आंबते आणि गॅस बंद. म्हणून रोज टाकीतला नमुना आणून, वरचं निवळ पाणी घेऊन विरूपाक्ष आम्ल मोजायचा. खार जितका जास्त लागेल, तितकं आम्ल जास्त.

आज तर खार पुरेना.

"चाचा, नमुना टाकीचाच आहे ना?" त्यानं विचारलं.

"मग काय माझ्या घरचा हाय?" नमुना कॅनमध्ये भरून आणणारे मकबूलचाचा म्हणाले. "गॅस तर झकास जळून राहिला, साब."

"आधी आंबतं चाचा, गॅस मग बसतो." विरूपाक्षचा चेहरा पडला होता.

त्याच कॅनमधलं पाणी घेऊन त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग बातमी मॅनेजर पंचाक्षरी साहेबांकडे न्यावीच लागली. पंचाक्षरी साहेब मनानं चांगले, पण घाबरले की तडकाफडकी निर्णय घेत.

"नवा जिल्हा झालाय, त्याचे अधिकारी कारखाना बघायला येणार हायत, चेअरमनसाहेब संगं असणार. त्यांना आंबलेली टाकी दाखवू? रिकामी करा! परत भरा!"

"कशानं भरू साहेब? जंतू वाढवायला शेण लागतं. दुष्काळानं गोठे रिकामे झालेत. ही टाकी गेली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत गॅस नाही."

"ते मला न्हाई म्हाईत. आत्ता व्हॉल्व्ह उघडायचा." साहेब फिटरला हाका मारत निघाले.

विरूपाक्षला अगदी रडू येईल असं झालं. शिकून आल्यावर त्यानं हाताळलेलं हे पहिलं मोठं काम. शेण पाट्या पाट्यांनी गोळा करून त्यानं ती टाकी चालती केली होती. तिचा गॅस पहिल्यांदा पेटला, तेव्हा त्यानं पेढे वाटले होते.

"चाचा, एकदा ताजा नमुना आणा. शेवटचा."

चाचांनी कॅन मोरीत उपडा केला आणि वाकून बघत राहिले.

"साब, टाकीत कोथिंबीर कोण टाकलं?"

विरूपाक्ष धावला. मोरीच्या जाळीवर कोथिंबीर होती, जिरं होतं, ठेचलेला लसूण होता आणि ज्वारीच्या पिठाचा पांढरा गाळ. त्यानं कपाळावर हात मारला.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळा गाव शेतात जेवायला जातो, आणि आंबिलीशिवाय येळवस होत नाही. यंदा घरातल्या घागरी, हंडे, अगदी डालड्याचे डबेसुद्धा टँकरच्या पाण्यानं भरलेले. आंबील आंबवायला भांडंच उरलं नाही, म्हणून त्यानं प्रयोगशाळेतल्या नमुन्याच्या कॅनांपैकी हा एक घरी नेला होता. बायकोनं, रुद्राणीनं, तो राखेनं घासून घेतला. आज सकाळी परत देताना मात्र कारखान्यात पाणी आहे, तिथं धुतील, असा तिनं विचार केला. घरून आलेली वस्तू धुतलेलीच असणार, असा त्यानं. पाणी तेवढं वाचलं.

त्यानं ताजा नमुना काचेच्या बाटलीत आणवला. जरासा खार पडताच काटा शहाण्यासारखा सातावर आला. विरूपाक्षनं मकबूलचाचांना मिठीच मारली आणि टाकीकडे पळत सुटला. फिटरनं व्हॉल्व्हला पाना लावलेला होता.

"थांबा साहेब! टाकी ठणठणीत आहे. कॅनच्या तळाशी आंबील होती!"

"कसली आंबील?"

"येळवशीची. आमच्या घरची."

"तुमच्या शेतात मी तांब्या तांब्या पेलो, ती?"

"हो."

"ती नमुन्याच्या कॅनात आंबवली?"

"हो, साहेब."

पंचाक्षरी साहेब दोन पावलं जवळ आले. "आन् आंबिलीच्या आधी कॅनात काय होतं?"

विरूपाक्षनं टाकीकडे पाहिलं. खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना. "टाकीतला नमुना. पण रुद्राणीनं राखेनं चांगला—"

फिटरनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"पाना काढ," साहेब त्याला म्हणाले. मग विरूपाक्षच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जरा लांब घेऊन गेले.

"हे कुठं बोलू नका," ते हळूच म्हणाले. "आमच्या बायकोला, रत्नम्माला, चव लई आवडली. तुमच्या घरून विरजणाला वाटीभर आंबील आणली तिनं. आता रोज करती."

"बरं साहेब."

"बरं काय बरं! काल चेअरमनसाहेबांच्या घरी विरजण देऊन आली."