रेडिएटरला हळद लागली

पाहुण्यांना स्टेशनवरून टांग्याने आणायचे नाही, आपल्या गाडीने आणायचे, एवढेच गोपाळबाबूंनी ठरवले होते. ठरवण्यात तसे चूक काही नव्हते. गाडी दारात उभी होती, पाहुणे गोंदियाहून मुलगी पाहायला येणार होते, आणि मुलीला, म्हणजे माणिकला, आधीची दोन स्थळे नुसता चिवडा खाऊन नाकारून गेली होती. तिसरे स्थळ तरी आपल्या रुबाबाने दबून जाईल, असा बाबूंचा अंदाज होता.

गोपाळबाबू बालाघाटच्या जंगल ऑफिसात हेडक्लार्क. गाडी त्यांनी मॅंगनीजच्या खाणीतल्या एका साहेबाकडून घेतलेली. साहेब विलायतेला गेला आणि गाडी इथेच ठेवून गेला (यावरून साहेब किती शहाणा होता ते समजावे). गाडी चाले झकास, फक्त अर्धा मैल गेली की चहाच्या किटलीसारखी उकळू लागे. मग बाबू तिला एखाद्या झाडाखाली लावत आणि आपण मुद्दामच हवा खायला थांबलो आहोत असा चेहरा करून उभे राहत.

तर त्या रविवारी सकाळी बाबूंनी रेडिएटर धुवायला काढला.

"काहून जी, आजच?" त्यांच्या पत्नी अलकनंदाबाईंनी विचारले. "दुपारच्या गाडीनं पाहुणे येऊन राह्यले. तुमी आंघोळ करा, कोट घाला अन् गुमान बसा."

"तुले मशीनमधलं काही समजत नाही," बाबू म्हणाले. "आत गंज बसला हाये. गंज निघाला का गाडी थंडी राह्यते. घंटाभराचं काम."

त्यांच्याच आंघोळीला तापवलेले पाणी त्यांनी उचलले, त्यात धुण्याच्या सोड्याचा अख्खा पुडा कालवला आणि ते सगळे रेडिएटरच्या पोटात ओतले. इंजिन थोडा वेळ चालवले. मग खालची तोटी सोडली, तर काळ्या गुळाच्या पाकासारखे पाणी भडाभडा बाहेर आले. बाबूंना इतका आनंद झाला की त्यांनी बायकोला आणि मुलीला ते पाहायला अंगणात बोलावले. (दोघी आल्या, पाहून परत गेल्या.)

आता खरे म्हणजे स्वच्छ पाण्याने तीन-चारदा आतून खंगाळायला हवे होते, पण तेवढ्यात नळ गेला. घरात एकच बादली उरली होती. बाबूंनी ती ओतली आणि "झालं" म्हणून हात पुसले. हात पुसून होतात न होतात तोच रेडिएटरखाली टिपटिप सुरू झाली. गंज निघाला हे खरे, पण इतकी वर्षे पाणी अडवून धरले होते ते त्या गंजानेच.

शेजारचे प्रेमलाल कुंपणापलीकडे तोंडात दातून धरून हे सारे पाहत होते.

"बाबूजी, हल्दी डाल दो," ते म्हणाले. "मेरे मामा की ट्रक हल्दी पे ही चलती है. पानी के साथ घूमेगी, और जहाँ छेद, वहाँ बैठ जाएगी."

"कितनी?"

"मुट्ठीभर."

बाबूंना मुठीवर भरवसा वाटला नाही. त्यांनी डबाच रिकामा केला. आणि नवल म्हणजे गळती खरोखर थांबली. बाबू शीळ घालत कपडे बदलायला गेले.

"माहा हळदीचा डबा कोठी गेला?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"गाडीले लागली थोडी."

"गाडीले?"

"हौ. आजच्या दिवस पोहे पांढरे कर. तब्येतीले चांगले राह्यतात."

स्टेशनवर छोट्या लाईनची गाडी वेळेवर आली, आणि तिच्यातून तिघे उतरले. मुलाचे वडील चिंतामणराव, निवृत्त हेडमास्तर, बंद गळ्याच्या पांढऱ्याशुभ्र कोटात. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई, ज्या शकुन पाहिल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसत. आणि मुलगा भोजराज, वीज खात्यात ओव्हरसियर, बोलायला कमी. बाबूंनी तिघांना मोठ्या ऐटीत गाडीत बसवले आणि निघाले.

बाजाराच्या तोंडाशी येईपर्यंत सगळे ठीक होते. तिथे बॉनेटमधून पांढरा धूर येऊ लागला.

"गाडी गरम होऊन राह्यली का?" चिंतामणरावांनी विचारले.

"नाही जी. वाफ सोडते मधात मधात. विलायती हाये ना."

मग गाडी स्वतःच थांबली. सगळे उतरले. बाबूंनी बॉनेट उघडले आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"काका, आत्ता नका उघडू," भोजराज पहिल्यांदाच बोलला. "थोडं थंडं होऊ द्या."

पण भावी जावयाकडून शिकायचे म्हणजे काय? बाबूंनी टॉवेल गुंडाळला, मान बाजूला केली आणि झाकण फिरवले. आतून पाणी जे उसळले ते थेट समोर कुतूहलाने उभ्या असलेल्या चिंतामणरावांच्या अंगावर. ते चार पावले लांब होते म्हणून भाजले नाहीत, नुसते रंगले. आणि रंगले ते लालभडक.

बाबू पाहतच राहिले. त्यांनी तर पिवळी घातली होती.

गाडीच्या मागून दुर्गाबाई पुढे आल्या आणि गळ्यापासून धोतरापर्यंत लाल झालेला नवरा पाहून मटकन रस्त्यातच बसल्या.

"गेले," त्या म्हणाल्या. "माहे मालक गेले."

"कोठी गेलो? हा काय उभा हावो," मालक म्हणाले.

महागू टांगेवाला स्टेशनापासून मागे मागेच येत होता. बाबूंच्या गाडीमागे रिकामा टांगा हाकणे हा त्याचा बांधलेला धंदा होता. पाहुणे टांग्यातून घरी पोचले, आणि बाबू टांगेवाल्याशेजारी अंग चोरून.

अलकनंदाबाईंनी कोट पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिले. बाबूंनी छताकडे पाहिले. माणिकला खाली मान घालून पोहे घेऊन यायचे असे बजावलेले होते. ती पोहे घेऊन आली, पण मान वर झाली.

"बाबा, सोडा अन् हळद एकत्र केली का तुमी?" तिने विचारले. "कुंकू होते त्याचं. आई तसंच तं बनवते."

तिने चिंतामणरावांचा कोट मागून घेतला, लिंबू कापले आणि गळ्याशी चोळले. लाल डाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. भोजराज मुलगी पाहायला आला होता, तो डाग पाहायला उठून जवळ गेला.

"परत लाल होते का?"

"सोडा लावला का होते. पण काकाजीले विचारून."

भोजराज हसला. माणिकही हसली, आणि मग ती दोघे कोटाच्या बाहीवर काहीबाही करून पाहू लागली. चिंतामणराव बाबूंचे आखूड धोतर नेसून, पांढरे पोहे खात, आपला कोट कधी लाल तर कधी पिवळा होताना मुकाट्याने बघत होते.

"काहीतरी बोला जी," दुर्गाबाई हळूच त्यांना म्हणाल्या. "पहिले कुंकू लागलं, मंग हळद लागली. अन् पोराचं ध्यान पाहा कोठी हाये ते. देवानंच जमवलं, आता आपण कोण नाही म्हणणारे?"

चिंतामणरावांनी बशी खाली ठेवली, तोंड पुसले आणि एकदा मुलाकडे पाहिले.

"मुलगी पसंत हाये," ते म्हणाले. "माही फक्त एक अट हाये."

बाबूंच्या हातातला चहाचा कप तसाच थांबला. अलकनंदाबाईंनी दाराची चौकट धरली.

"बोला जी," बाबू म्हणाले.

"जावयाले लग्नात ते गाडी देऊ नका."

आनंदाच्या भरात गोपाळबाबू नेमके तेच जाहीर करणार होते. त्यांचे तोंड उघडलेही होते. आता ते उगीच मिटवणे बरे दिसेना, म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला आणि जीभ पोळली तरी कोणाला कळू दिले नाही.