हलक्या बुटांवर नांदेडास स्वारी झाली ती हकीकत

शके एकोणीसशे पंचवीस, सुभानुनाम संवत्सरे, कार्तिक मासी, सकाळी सहाचे सुमारास लातूर मुक्कामी टेनिसच्या सिमेंटी मैदानावर चिरंजीव गीतांजली हिच्या उजव्या बुटाचा तळ निखळला. बूट पायात राहिला, तळ मैदानावर राहिला. दुसरे दिवशी नांदेडास विभागाचे सामने होते.

घटना एवढीच. परंतु तिजपासून जे प्रकरण वाढले त्यात दोन शहरे, एक एसटी, एक दुकान आणि एक संसार गुंतला. पुढे कोणी म्हणेल की बुटांसारखी वस्तू, तीस एवढा खटाटोप कशास? त्याची खातरजमा व्हावी म्हणून जे घडले ते, पदरचे काही न घालता, नमूद केले आहे.

गीतांजलीचे वडील राजश्री भगवानराव हे जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून, मूळचे निलंग्याकडचे, भूकंपानंतर गाव सोडून लातुरास येऊन राहिलेले. पुरुष मोठा सावध. मेथीची जुडी घेणे तरी सारा बाजार उलथापालथा करून पहिल्याच दुकानी परत येत. त्या काळी लातुरावर शिकवणी वर्गांचा अंमल होता. गावोगावच्या मुलामुलींच्या फौजा येत, खोल्या धरून राहत, आणि पहाटे पाठीशी दप्तरे बांधून वर्गांवर चालून जात. गीतांजली त्या साली दहावीस होती. सबब भगवानरावांनी जेवणाचे ताटावरून फर्मान काढले होते की, विभाग जिंकल्यास राज्याच्या सामन्यास जावे, हरल्यास रॅकेट कपाटावर टाकावी आणि सायंकाळच्या वर्गास बसावे. गीतांजलीने "हाव" म्हटले आणि पानातली भाकरी संपवली.

मागील साली उदगीरच्या मैदानात, बाजूस धावता धावता, तिचा उजवा घोटा मुरगळला होता आणि ती होळीपर्यंत लंगडत होती. तेव्हापासून भगवानरावांचे मत पक्के झाले की बूट म्हणजे पाय जागेवर धरणारी वस्तू, वेगाचे मागाहून पाहता येते. उस्ताद यासेर सर, जे तिला खेळ शिकवीत, त्यांचे मत याचे उलट. तुटला बूट पाहून त्यांनी तोंडी खलिता दिला तो असा: "साहेब, हलके घ्या. पोरीचा सगळा खेळ पायात हाय. जड बुटात ती चेंडूपाशी जाईस्तोर चेंडू घरी जाईल."

मग प्रथम लातूरचा बाजार धुंडाळला. एका दुकानदाराने टेनिस म्हणताच रबरी चेंडूच्या क्रिकेटचे बूट काढले, दुसऱ्याने घरात टेबल मावते काय असे विचारले, आणि मसलत ठरली की आजच नांदेडास कूच करावे. भगवानराव, त्यांचे कुटुंब मनकर्णाबाई आणि चिरंजीव अशी खासा स्वारी एसटीत चढली. अहमदपुरास चालक चहास उतरला तो लवकर परतला नाही. भगवानराव खिडकीतून त्याच्या कपाकडे पाहत राहिले. मग लोहा मागे टाकून उन्हे कलती होता नांदेडच्या वजिराबादेत दाखल झाले.

तेथे नासिरभाई यांचे पादत्राणांचे दुकान, वडिलांपासून चालत आलेले. मनकर्णाबाईंनी पायरी चढताच उस्तादांचा निरोप पोचविला: "भाऊ, टेनिसचे हलक्यातले बूट दावा."

नासिरभाईंनी चहाची बशी खाली ठेवली.

"ताई, हलका माल पायजे तर स्टेशनकडं जावा. आमच्या अब्बाच्या टायमापासून ह्या दुकानात हलकं काई आलं न्हाई, इन्शाअल्ला येणार बी न्हाई."

"बराबर बोलले," भगवानराव खूश होऊन म्हणाले. "तुम्ही भारीच काढा."

येथे खुलासा करणे अवश्य की, त्या मुलुखात भारी म्हणजे वजनदार आणि भारी म्हणजेच उत्तम, हलके म्हणजे कमी वजनाचे आणि हलके म्हणजेच टाकाऊ, अशी चाल होती. सबब उस्तादांची मसलत एका शब्दावर फुटली आणि पहिल्याच हल्ल्यात शिकस्त झाली. नासिरभाईंनी काळा जोड काढला. तळ रुंद, दोन्ही अंगांस रबराची तटबंदी, टाचेस कणखर बुरूज. मनकर्णाबाईंनी हाती घेतला तो पाटा उचलल्याप्रमाणे दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागला.

मग गीतांजली, जी एसटीत बसल्यापासून बोलली नव्हती, ती बोलली. "काका, मोलानं न्हाई. वजनानं हलके."

"अगं, मग तसं सांग ना बेटा! मी उगंच तापून राहिलो." आणि नासिरभाईंनी शिडी लावून वरून पांढरा जोड उतरविला.

भगवानरावांनी दोन्ही जोड समोर मांडून पारख आरंभिली. काळा बूट अंगठ्याने बाजूस रेटला, तो तसूभर कलला नाही. पांढरा मुठीत धरला, तो घडी होऊन मुठीत मावला. "हे बूट हाय का हातरुमाल?" असे त्यांनी विचारले. नासिरभाईंनी कोणाचाच पक्ष धरला नाही. "साहेब, ह्यात पाय पळतो, त्यात पाय ऱ्हातो. दोन्ही बी एकात पायजे म्हणाल तर तसा बूट अजून निघाला न्हाई."

भगवानरावांचा हात काळ्या जोडाकडे वळला, तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या, "पोरगी हरावी म्हणून जड घेऊन राहिले का तुम्ही?"

भगवानरावांनी आरोप मनात तपासून पाहिला, कारण माणूस कागदाचा, तपासल्यावाचून फेटाळणारा नव्हे. सायंकाळच्या वर्गाच्या मास्तरांना भेटून त्यांनी परवाच एक जागा राखावयास सांगितली होती. हे घरी ठाऊक नव्हते. तेव्हा आरोप अगदीच खोटा होता असे म्हणवेना. परंतु खरा होता असेही नव्हते.

"हरंना का," ते म्हणाले. "हरायचं भ्या न्हाई मला. पाय सरकायचं हाय. भुई पायाखालून जाती तवा काय होतं ते मी पाह्यलंय."

"मी कुठं होते तवा? पंगतीला?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "भुई समद्यांचीच गेली. जीव घेतला तो माळवदानं. मामंजी सांगायचे, कसं भारी घर बांधलंय, कसा भारी दगूड हाय. त्या भारीखालीच गेल्या की आत्याबाई. आपुन तिघं मागल्या पत्र्यात निजलो होतो म्हणून इथं बूट घेऊन राहिलो."

आत्याबाई म्हणजे भगवानरावांच्या मातोश्री. दहा वर्षांत घरात हा विषय कोणी काढला नव्हता. नासिरभाई पाठ फिरवून खोक्यांवरची धूळ झटकू लागले. खोक्यांवर धूळ नव्हती.

मग भगवानरावांनी हुकूम केला की दोन्ही जोडांची परीक्षा मैदानी व्हावी. दुकानापुढच्या फरशीवर गीतांजली काळा जोड घालून या खांबापासून त्या खांबापर्यंत आडवी धावली आणि वळली, आणि घोटा बिलकुल हलला नाही, मात्र वळण उसाच्या ट्रॅक्टरासारखे झाले. मग पांढरा जोड चढविला आणि धावली ती अशी की अर्धापूरच्या केळीवाल्याने गाडा मागे ओढून घेतला. "अगं बाई, केळी हाय, चेंडू न्हाई!" तो ओरडला. परंतु वळतेसमयी उजवा घोटा किंचित बाहेर कलला. तो भगवानरावांनी पाहिला, आणि त्यांनी पाहिला हे गीतांजलीने पाहिले.

ती धापा टाकत समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, काळ्यात मी पडणार न्हाई. पर पोचणार बी न्हाई."

"आन् पांढऱ्यात?"

"पोचंन."

पडण्याविषयी ती काही बोलली नाही, आणि भगवानरावांनी विचारले नाही. मग त्यांनी काळा जोड स्वहस्ते खोक्यात ठेवून झाकण लावले आणि नासिरभाईंस आज्ञा केली, "ते हलके द्या." उजव्या घोट्यास पट्टा बांधूनच खेळावे, असे एक कलम तहात घातले. ते चिरंजीवांनी मान्य केले. वर्गातल्या राखीव जागेची हकीकत त्यांनी दुकानाच्या पायरीवरच मनकर्णाबाईंस सांगितली. बाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं," आणि उसाचा रस प्यावयास पुढे निघाल्या.

येणेप्रमाणे एका दिवसाच्या मोहिमेत, हत्यार न उचलता, वजिराबादेत हलके बूट फत्ते झाले. हलके या शब्दास लागलेला बट्टा त्या दुकानापुरता पुसला गेला, आणि विजय उभय पक्षी राजीखुशीने पावला, हे दप्तरी दाखल केले असे.

दुसरे दिवशी विभागाच्या सामन्यात हिंगोलीची अलीझा हिजशी गाठ पडली. मुलगी उंच, फटका जबर. पहिला सेट गीतांजलीने घेतला, दुसरा अलीझाने. तिसऱ्यात बरोबरी झाली असता चेंडू उजव्या कोपऱ्यास गेला. गीतांजली धावली, पोचली, चेंडू परत फिरविला आणि त्याच झोकात गुडघ्यावर आली. पलीकडे अलीझाचा फटका जाळीत अडला. भगवानराव कुंपणाच्या तारेपाशी उभे होते. त्यांचा हात वर गेला. थांब म्हणून की खेळ म्हणून, हे त्यांसही सांगता आले नाही. गीतांजली आपली आपण उठली, उजवा पाय दोनदा आपटून पाहिला, आणि रेषेकडे चालत गेली.

हे लिहून बंद करतेसमयी सामना चालू आहे. सर्व्हिस गीतांजलीची आहे.