रडायच्या मंजूर जागा

देशप्रेम ही आतली भावना असल्यामुळे ती बाहेरून तपासावी लागते. त्यासाठी डोळ्यांइतका सोयीचा अवयव नाही. हृदय तपासायचं तर डॉक्टर लागतो, डोळे तपासायला नैतिक शिक्षण विभागाचे वेई सर पुरतात.

आमचं गाव चीनच्या पार दक्षिणेला, समुद्राला चिकटून आहे. इथे हिवाळा म्हणजे लोक चपलेत मोजे घालतात ते काही दिवस. बर्फ आम्ही फक्त मासळीबाजारात पाहिलेला, त्यामुळे आमच्या मते बर्फाला कोळंबीचा वास असतो. अशा मुलांना सत्तर वर्षांपूर्वी शेजारच्या देशात लढलेल्या हिमयुद्धाचं मोल कळावं म्हणून राष्ट्रीय दिनाची सुट्टी संपताच सगळ्या सातवीला त्यावरचा चित्रपट दाखवायचं ठरलं. त्यात आपले सैनिक उणे चाळीस अंशांत डोंगरावर पडून राहतात, आणि हुकूम नाही म्हणून हलत नाहीत. बाहेर तेहेतीस अंश होते. दाराशी प्रत्येकाच्या हातात एक गोठवलेला बटाटा देण्यात आला, कारण सैनिकांनी तोच खाल्ला होता. बटाटे मासळीबाजारातच गोठवलेले. (वासाबद्दल कुणी तक्रार केली नाही. त्याग म्हटल्यावर वास येणारच.) आमचा वर्गप्रमुख पान याने पहिला घास जोरात घेतला आणि त्याचा दात हलला. लढाईतली आमच्या बाजूची ही एकमेव हानी.

ज्या वर्गाचा भावनिक प्रतिसाद सर्वांत उत्तम, त्याला हिवाळ्याच्या सुट्टीत थेट उत्तरेला शिबिराला नेणार होते. खरा, आकाशातून पडणारा बर्फ. आणि भावना मोघम राहू नये म्हणून वेई सरांनी आधीच परिपत्रक काढलं. रडायच्या मंजूर जागा तीन: आईची चिठ्ठी, गोठलेली तुकडी, आणि शेवटी झेंडा. यांव्यतिरिक्त रडायचं झाल्यास वर्गशिक्षिकेला विचारून.

माझ्या बाकावरची मो यिंग्चू या शिबिरासाठी जीव टाकत होती. लहानपणी तिने फ्रिजमधलं हिव खरवडून धाकट्या बहिणीच्या डोक्यावर भुरभुरवलं होतं आणि मार खाल्ला होता. "मला नुसतं त्यावर उभं राहायचंय गं," ती म्हणायची. "फोटोबिटो नको. उभं राहायचं, बस."

आणि घात तिनेच केला.

चित्रपटात एक पोरगेला सैनिक आहे, आमच्याच भागातला. पायात कापडी बूट, अंगात पातळ अंगरखा, कारण त्याच्या तुकडीला आगगाडीतून उतरवून तसंच पुढे पाठवलेलं. तो आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघतो, इकडेतिकडे बघून हळूच जीभ लावतो आणि अगदी आमच्या बोलीत म्हणतो, "हात्तिच्या, याला चवच नाही."

हॉल हसला आणि गप्प झाला. यिंग्चू मात्र फुटली. तिचं हसणं सुरू झालं की थांबत नाही, उचकीसारखं येत राहतं. तिच्या मामाचा आवाज थेट तसा आहे. ती हसत राहिली, आणि तेवढ्यात पडद्यावर सकाळ झाली, आणि त्याची अख्खी तुकडी गोठून पडलेली, बंदुका रोखलेल्या, भुवयांवर बर्फ. हॉलमध्ये स्मशानशांतता. तिच्यात एकच आवाज. मंजूर जागा क्रमांक दोन.

दुसऱ्या दिवशी आमच्या नोंग बाई वर्गात आल्या तेव्हा त्यांचं तोंड त्या बटाट्यासारखं झालं होतं.

"मो यिंग्चू, काय दिसलं गं तुला एवढं हसण्यासारखं?"

"बाई, मी त्या आधीच्याला हसत होते."

"मग आधीच संपवायचं ना."

"थांबेना, बाई."

"एकशेवीस माणसं मेली, आणि तुझं थांबेना."

मागून पान म्हणाला, "आता बसा मासळीबाजारातच बर्फ बघत." त्याचा हलता दात बोलताना शीळ घालत होता, पण कुणी हसलं नाही. (आम्ही शिकलो होतो.)

नोंग बाईंनी वर जाऊन रदबदली केली. हास्य हा शोकाचाच अतिरेक असतो, हा सिद्धांत त्यांनी तासाभरात तयार केला होता. वेई सर उदार निघाले. आमच्या वर्गाला पुन्हा तोच चित्रपट दाखवायचा, आणि या वेळी सिनेमागृहातला अंधारातही बघणारा कॅमेरा आमच्याकडे रोखलेला राहील. सर चित्रपट बघणार नव्हते. ते आम्हाला बघणार होते.

आता विचार करा, ज्या गोष्टीवर एकदा रडू आलं नाही तिच्यावर दुसऱ्यांदा कसं येणार? ही अडचण पानने सोडवली, म्हणून तो वर्गप्रमुख आहे. त्याच्या आईचं गोगलगायीच्या रश्शातल्या शेवयांचं दुकान आहे, आणि तिथलं मिरचीचं तेल नुसतं झाकण उघडलं तरी समोरच्या औषधवाल्याला शिंका येतात. आम्ही सगळ्यांनी गणवेशाच्या गळ्यातल्या लाल रुमालाचं टोक त्यात बुडवलं, वेळ आली की डोळ्यांना लावायला. लाल रुमालावर लाल तेल दिसत नाही. (हा रंग निवडणाऱ्यांची दूरदृष्टी मला त्या दिवशी पटली.)

"मला नको," यिंग्चू म्हणाली.

"अगं ए, तुझ्यामुळेच तर चाललंय हे सगळं. लाव गपचूप."

"मला नीट बघायचाय."

"पाहिलास ना एकदा?"

"हसण्यात गेला माझा."

तिच्याकडे बघून पानने कपाळावर हात मारला, तोही तेलाचाच, त्यामुळे त्याला सर्वांत आधी सुरुवात झाली.

आमचं रडणं चित्रपटाआधीच्या थंड चहाच्या जाहिरातीला सुरू झालं. पडद्यावर एक मुलगी हसत स्ट्रॉ टोचत होती आणि आम्ही एक्केचाळीस जण हुंदके देत होतो. आईच्या चिठ्ठीपर्यंत डोळे उघडे ठेवणंच अवघड झालं. नाकं, गळे, हुंदके, सगळं एका तालात. झेंडा वर गेला असं म्हणतात. मला दिसला नाही.

यिंग्चूला मात्र सगळं दिसलं. तो पोरगा बर्फापाशी वाकला आणि त्याने जीभ लावली, तिथे ती रडायला लागली. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी. पुढे काय होणार ते तिला माहीत होतं ना. त्याला नव्हतं. आणि सकाळ होऊन ती गोठलेली तुकडी आली, तेव्हा ती कोरड्या डोळ्यांनी टक लावून बघत राहिली.

निकाल वेई सरांनी स्वतः वाचला. वर्गाचा अश्रुपात शंभर टक्क्यांच्या वर गेला होता, कारण जाहिरातही धरली होती. 'सातत्य' या गुणासाठी खास उल्लेख. शिबिर मंजूर. फक्त एक विद्यार्थिनी गंभीर प्रसंगी कोरडी आणि विनोदी प्रसंगी रडताना आढळली. पहिल्या वेळी नेमकं उलट. अशा मुलीची भावना विश्वासार्ह नाही, त्यामुळे तिने शिबिराच्या काळात घरी राहून चिंतन करावं.

"सर, विनोदी नाहीये ते," यिंग्चू उभी राहून म्हणाली.

"हॉल हसला होता की नाही तिथे?"

"हसला होता."

"मग विनोदी आहे. बस खाली."

आम्ही उत्तरेला गेलो. भाड्याने मिळालेले जाड बूट, अंगात दोन दोन कोट, आणि तरीही पान पहिल्याच दिवशी बसमध्ये जाऊन बसला तो उतरेना. संध्याकाळी कुणी बघत नाही असं पाहून मी खाली वाकले आणि जीभ लावली.

परत आल्यावर यिंग्चू बाकावर सरकून बसली. "लावलीस?"

"लावली."

"मग?"

"खरंच चव नाही गं."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "आणि पाय? किती वेळाने कळेनासे होतात?"

माझे बूट फार चांगले होते.

"शुईशंगला विचारायला पाहिजे," ती म्हणाली.

"कोण शुईशंग?"

यिंग्चूने सांगितलं. तो बर्फ चाटणारा पोरगा. चित्रपटात त्याला दोनदा नावाने हाक मारतात. दुसऱ्यांदा मारतात तेव्हा तो ओ देत नाही. आम्हा एक्केचाळीस पुरस्कारप्राप्त रडणाऱ्यांपैकी एकालाही ते ऐकू आलेलं नव्हतं.

तुम्हीही इथपर्यंत आलात. बटाट्याला हसलात, रुमालाला हसलात, बर्फ चाटला तिथेही हसला असाल, आणि त्याचं नाव काय म्हणून मध्येच विचारलं नाहीत. अभिनंदन. पुढच्या हिवाळ्यातल्या शिबिरासाठी तुमची निवड झालेली आहे. बूट तिकडे भाड्याने मिळतात.