करवंदी घाटाची हरकत

राष्ट्रीय सन्मानासाठी शलाका बागवेचं नाव दिल्लीला गेलं, त्यानंतर अकराव्या दिवशी करवंदी घाटाने त्यावर हरकत नोंदवली.

सकाळच्या एसटीच्या कंडक्टरने हरकतीचा कागद प्रांत कार्यालयात आणून दिला आणि पोच घेऊन तो चहाला गेला. सहीच्या जागी डांबराचा ठसा होता. आवक-जावक सांभाळणारे शेवडे भाऊसाहेब काटेकोर माणूस. काही वर्षांपूर्वी याच घाटाने मोबाइल टॉवरविरुद्ध अर्ज केला होता, ती फाइल त्यांनी कपाटातून काढली, दोन्ही ठसे भिंगाखाली ताडून पाहिले आणि मगच शिक्का मारला. नियम स्पष्ट होता. सन्मान राष्ट्राचा असेल, तर राष्ट्रातली कोणतीही व्यक्ती, संस्था किंवा जमीन पंधरा दिवसांत हरकत घेऊ शकते.

कागदावर दोनच वाक्यं होती. 'शलाका बागवे यांना सन्मान देण्यास माझी हरकत आहे. कारण समक्ष सांगेन.'

शलाका पाटबंधारे खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून लागलेली कारकून. घाटचढाईची राष्ट्रीय स्पर्धा तिने तीनदा जिंकली होती, तिन्ही वेळा करवंदी घाटातच. नोटीस तिला जेवणाच्या सुट्टीत मिळाली. तिने ती उभ्यानेच वाचली, डबा न उघडता पिशवीत ठेवला आणि तडक अप्पा फरांद्यांच्या दुकानात गेली.

अप्पांचं सायकलचं दुकान होतं आणि शलाका बारा वर्षांची असताना तिला सायकल शिकवली होती ती त्यांनीच. तिचं नाव सन्मानासाठी त्यांनीच पाठवलं होतं. त्यासाठी भाऊसाहेबांशी त्यांचा वादही झाला होता. "सैनिक समजू शकतो, शास्त्रज्ञ समजू शकतो," भाऊसाहेब म्हणाले होते. "पण पॅडल मारून देशाचं काय भलं होतं, अप्पा?" त्यावर अप्पा एवढंच म्हणाले होते, "तुम्ही एकदा घाट चढून या, मग बोलू."

नोटीस वाचून अप्पा हसले. "अगं, घाटच तो. त्याला काय, कुणी तीनदा जिंकलं तर राग येणारच."

"टॉवरचं काय झालं होतं, अप्पा?"

अप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. "हलवला टॉवर," ते म्हणाले.

शलाकाने विचारलं नाही ते एकच, की घाटाला आठवतं किती. तिसऱ्या वर्षीची अंतिम फेरी तिला रोज आठवत होती. बाकीच्या खालच्या वळणांवरच गळाल्या होत्या; फेरीत दोघीच उरल्या होत्या, ती आणि नगरकडची तनुजा हुलवळे. धुकं इतकं होतं की पुढचं चाक दिसत नव्हतं. अकराव्या वळणावर तनुजा कठड्यापलीकडे गेली. वर पोचल्यावर पंचांनी विचारलं, "दुसरी कुठाय?" शलाका म्हणाली, "मागे असेल." तासाभराने गवत कापणाऱ्या बायकांना तनुजा सापडली. तिच्या गुडघ्यात आता सळई होती. शलाकाने नवऱ्याला, अप्पांना, कुणालाच काही सांगितलं नव्हतं. पाहिलंय तरी कुणी, असं ती स्वतःला समजावत आली होती.

नोटीस आली त्या दिवसापासून तिला चढाची भीती वाटू लागली. कार्यालयाच्या वाटेवर ओढ्यावरचा छोटा पूल होता, तिथे ती उतरून सायकल हाताने नेऊ लागली. मग गतिरोधकावरही. चढांची आपसात काय ओळख असते, कोण कोणाला काय सांगतं, कुणी सांगावं? घरचा जिना चढताना ती श्वास दाबून चढे. नवऱ्याने विचारलं, "पायाला काही झालंय का?" ती म्हणाली, "चमक भरलीय."

सुनावणीच्या आदल्या दिवशी प्रांत कार्यालयाच्या फलकावर सूचना लागली. 'करवंदी घाट उद्या साक्षीसाठी येत असल्याने एक दिवस रस्त्यावर उपलब्ध नसेल. प्रवाशांनी नोंद घ्यावी.' त्याखाली साक्षीदारांची यादी होती. दुसरं नाव तनुजा हुलवळेचं होतं. शलाकाने ते वाचलं आणि तिथल्याच पायरीवर बसली. पायरी हीसुद्धा चढच, हे लक्षात आल्यावर उठली.

घाट वेळेवर, अकरा वाजता आला. सगळा आत मावण्यासारखा नव्हता. खालची दहा वळणं बाजाराच्या मैदानात राहिली, वरची सात वळणं टपालकचेरीमागे थांबली, आणि अकरावं वळण तेवढं सुनावणीच्या दालनात आलं. दालनाची फरशी एका बाजूने उचलली गेली. खुर्च्या खिडकीकडे सरकल्या. शिपायाने सवयीच्या हाताने टेबलाच्या दोन पायांखाली विटा सारल्या आणि शाईची बाटली धरून उभा राहिला. मग दारातून धुकं आलं, गार आणि ओल्या मातीच्या वासाचं. कठडाही आला होता. त्याचा एक दगड अजून निखळलेलाच होता.

तनुजा काठी टेकत आली आणि उताराच्या बाजूला बसली. तिने शलाकाकडे पाहून मान हलवली. हसलीही जराशी. शलाकाला ते हसू सोसलं नाही.

प्रांत सरदेशमुख मॅडमनी चष्मा पुसला, कारण धुक्याने तो पुन्हा पुन्हा भरत होता. "घाटाने शपथ घेतल्याचं समजण्यात येत आहे," त्या म्हणाल्या. "घाटाने सांगावं."

घाटाला बोलता येत नाही. ऐकलेलं परत देता येतं, आणि कायद्याला तेवढं पुरतं.

आधी ओल्या खडीवरून चाकं गेल्याचा आवाज आला. साखळ्या दोन, श्वास दोन, एक जरा पुढे. मग चाक घसरलं, दगडावर लोखंड आपटलं, खाली कुठेतरी माती ढासळत गेली. मग हाक आली. "ताई! शलाकाताई! थांब ना, मी पडलेय!"

दालनात बसलेल्या तनुजाने ओठ घट्ट मिटले होते. हाक तिचीच होती, पण आता ती तिच्याकडून येत नव्हती.

हाकेनंतर एक बारीक आवाज आला. टक-टक-टक-टक, जेमतेम दोन सेकंद. मग पुन्हा साखळीचा, दूर जाणारा.

"हाक ऐकू गेली होती, असं घाटाचं म्हणणं दिसतं," मॅडम म्हणाल्या. "पण हाक मारणं म्हणजे ऐकू जाणं नव्हे. धुकं होतं. हा शेवटचा बारीक आवाज कसला?"

मॅडमनी घाटाला तेवढा भाग पुन्हा सांगायला लावला. पुन्हा हाक, पुन्हा ते टक-टक. मग तिसऱ्यांदा. भाऊसाहेब लिहायचे थांबून कान देत होते.

शलाकाने वर पाहिलं नाही, तरी अप्पा आपल्याकडे बघताहेत हे तिला कळलं. तो आवाज कोणत्या सायकलचा, हे या दालनात दोघांनाच ओळखता येणार होतं. ते फ्रीव्हील अप्पांनी स्वतःच्या हाताने बसवलं होतं.

अप्पा उठले. फरशी तिरकी असल्यामुळे त्यांना खुर्ची धरावी लागली. "किडे असतील, मॅडम," ते म्हणाले. "घाटात असतात तसले, टकटक करणारे." अप्पांचा आवाज इतका खाली गेलेला शलाकाने कधी ऐकला नव्हता.

"किडे," मॅडम भाऊसाहेबांना म्हणाल्या. "लिहा."

भाऊसाहेबांचं पेन कागदाला टेकलं. आता गप्प बसलं की झालं. घाट उठून जाईल, फरशी सपाट होईल. समोर धुक्यात कठड्याची ती फट दिसत होती, आणि एकदम शलाकाला वाटलं की घाट कुठेच जाणार नाही. ती जिथे जाईल तिथे जमीन एका बाजूने जराशी उचललेली असेल, जन्मभर.

"फ्रीव्हील आहे ते," ती म्हणाली.

"काय?"

"मागच्या चाकाचं फ्रीव्हील, मॅडम. पॅडल थांबवलं की वाजतं. चढावर कुणी पॅडल थांबवत नाही. मी थांबवलं होतं."

"म्हणजे आपण थांबलात?"

"पॅडल थांबवलं. सायकल नाही."

"का थांबवलंत?"

"हाक ऐकू आली म्हणून."

"मग पुन्हा का सुरू केलंत?"

शलाकाला वाटलं, आता तरी घाट काही आवाज करेल. तो गप्प होता. "ती मागे होती," ती म्हणाली, "आणि शेवट पुढे होता."

अप्पा हळूच खाली बसले. तनुजा मात्र आता सरळ शलाकाकडे बघत होती, आणि मघाचं हसू कुठेच नव्हतं.

"मला वाटायचं, कुणाला ऐकूच गेलं नाही," तनुजा म्हणाली. "पडून होते तेव्हा तेच म्हणत होते. धुकंच एवढं आहे, ऐकू कसं जाईल. दोन वर्षं तेच म्हणतेय. बरं चाललं होतं माझं, ताई."

मॅडमनी चष्मा पुन्हा पुसला आणि निकाल सांगायला घेतला.

"सायकल वेगाने चालवणाऱ्याला राष्ट्राने सन्मान द्यावा की नाही, हा प्रश्न या कार्यालयापुढे नाही. तो शासनाने ठरवलेला आहे. पडलेल्यासाठी थांबलं पाहिजे, असंही स्पर्धेच्या नियमांत कुठे नाही. मात्र चढ घाटाचा आहे, आणि अकराव्या वळणापुढचा चढ तो परत मागतो आहे. मागणी मान्य. शलाका बागवे त्या वळणाच्या वर गेल्याच नाहीत, असं समजण्यात यावं. तनुजा हुलवळे यांनी माघार लेखी दिलेली नाही. सबब अंतिम फेरी चालू आहे. आजअखेर दोन वर्षं, एक महिना, चार दिवस."

घाट दुपारी परत गेला. त्याच आठवड्यात राज्यातल्या आणखी सात सायकलपटूंनी सन्मानाच्या यादीतून आपली नावं स्वतःहून काढून घेतली. कारणाच्या रकान्यात सगळ्यांनी 'घरगुती' असं लिहिलं.

शनिवारी सकाळी भाऊसाहेबांनी दोघींना सरकारी जीपने अकराव्या वळणावर सोडलं आणि घड्याळ घेऊन ते वर जाऊन बसले. धुकं तितकंच होतं. अप्पांनी दोन सायकली उतरवून ठेवल्या. तनुजाची त्यांनी कालच तेल-पाणी करून हलकी केली होती.

"तू पुढे हो," शलाका म्हणाली.

तनुजाने काठी कठड्याला टेकवली आणि ती सायकलवर बसली. सळईचा पाय पूर्ण वाकत नव्हता. दर फेरीला पॅडल अर्ध्यावर अडे, सायकल मागे यायला बघे, आणि ती दात आवळून पुन्हा रेटे. शलाका तिच्यामागे चार हातांवर राहिली. इतक्या हळू चढणं तिला कधी जमलं नव्हतं. तोल जात होता, आणि प्रत्येक वळणावर तिला वाटत होतं की पुढचा आवाज आता बंद होईल. तो बंद झाला नाही. सात वळणांना त्यांना पावणेतीन तास लागले.

वर भाऊसाहेबांनी वेळ लिहून घेतली. "पहिल्या हुलवळे, दुसऱ्या बागवे," ते म्हणाले. "आता विजेत्या तुम्ही, तेव्हा सन्मानासाठी नाव तुमचंच जाईल. अभिनंदन. हरकतीसाठी पंधरा दिवस. इथे सही करा."

तनुजा धापा टाकत दगडावर बसली होती. घामाने तिचा चेहरा चमकत होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच शलाकाने तिला मनापासून हसताना पाहिलं. तिने पेन घेतलं. मग ती थांबली. वळून तिने खाली पाहिलं, जिथून त्या आल्या होत्या. घाट धुक्यात पडून होता, शांत.

"शलाकाताई," तनुजाने हलक्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी तिसऱ्या वळणावर तू माझ्या पुढे होतीस का?"

"हो. बरीच पुढे."

"मग तुला तिथली हाक ऐकू आली नसेल," तनुजा म्हणाली, आणि पेन तसंच हातात धरून बसून राहिली.